नऊ सिलिंडरं आणि एक डावा कान

फ्रीजरमधून बर्फाचा ट्रे काढायला गेले, तर हाताला एक प्लास्टिकची पिशवी लागली. आत पितळेसारख्या पिवळसर सहा नळ्या. बोटभर लांबीच्या, गुळगुळीत, मटारच्या पाकिटाला खेटून झोपलेल्या. पिशवीवर नवऱ्याच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी : ‘हलवू नये. सोमवारी लागणार.’

“अहो, हे काय आहे?” मी स्वयंपाकघरातूनच ओरडले.

“इंजिनाच्या व्हॉल्व्ह गाइड,” बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं. मटार म्हणजे काय असं मी विचारलं असावं, असा सूर. “गार झाल्या की किंचित आकसतात, मग जागेवर चपखल बसतात. आणि ऐक ना, सोमवारी ओव्हन रिकामा ठेव. सिलिंडरचं हेड तापवायचंय.”

“माझं तापलंय, ते नेता का?”

“अं?”

“काही नाही.”

अकरा वर्षं हे असं चाललं होतं. भांड्यांच्या जाळीत कपबशांच्या मधे स्पार्क प्लग वाळत. माझे चांगले टॉवेल एकेक करून काळे होत आणि मग ‘तसे ते जुनेच होते’ ठरत. जेवणाच्या टेबलाचं एक टोक मी सोडूनच दिलं होतं. तिथे नेहमी काहीतरी उघडलेलं असायचं, आणि त्याला हात लावायचा नसायचा.

गावाबाहेरच्या छोट्या विमानतळाच्या कडेला पत्र्याची एक शेड आहे. त्या शेडमध्ये महायुद्धाच्या काळातलं एक विमान उभं होतं. लढाऊ वैमानिकांना शिकवायचं, मागेपुढे दोन बसायच्या जागा असलेलं. पिवळा रंग, ठोकळेबाज नाक, आणि त्या नाकात नऊ सिलिंडरांचं इंजिन, घड्याळातल्या आकड्यांसारखी गोल मांडलेली. कुणीतरी टाकून दिलेलं हे धूड चार माणसांनी मिळून दत्तक घेतलं होतं. ते पुन्हा उडवायचा विचार नव्हता, तेवढं डोकं शाबूत होतं. फक्त इंजिन सुरू करायचं. एकदा तरी.

त्या चारांतला पहिला माझा नवरा. चौतीस वर्षं लिफ्ट तपासनीस. इमारतींच्या लिफ्टना ‘वापरण्यास योग्य’ असं प्रमाणपत्र द्यायचं की नाही, हे ठरवायची त्याची नोकरी. द्यायचं असं त्याने फार क्वचित ठरवलं. दुसरे मास्तर, शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, हातात कायम वही. तिसरा कप्तान. त्याने जहाजावर भांडार सांभाळण्यापलीकडे कसलंही कप्तानपद केलेलं नाही, पण टोपी तशी घालतो म्हणून ते नाव पडलं. आणि चौथे फिटरकाका. वय चौऱ्याऐंशी. वायुदलात एकोणिसाव्या वर्षी लागले तेव्हा याच जातीच्या इंजिनांवर त्यांनी हात काळे केले होते. हे इंजिन चालू असताना कसं वाजतं ते चौघांत फक्त त्यांनी ऐकलं होतं. त्यामुळे शेडमध्ये शेवटचा शब्द त्यांचा. “काका, हा नट एवढा पुरे?” असं विचारल्यावर ते पाना हातात घेत, जरासं ओढून बघत, आणि मान हलवत. ती हलली की विषय संपला.

आता माझ्या नोकरीचं सांगायला हवं. मी कान तपासते. हॉस्पिटलच्या नाक-कान-घसा विभागात एक आवाजबंद खोली आहे. दाराला जाड रबर, भिंतींना स्पंज. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, मी काचेच्या बाहेरून त्याच्या कानात बारीकमोठे सूर सोडते, आणि ऐकू आलं की त्याने बटण दाबायचं. सत्तावीस वर्षं मी हेच करतेय.

ओव्हन वापरून झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी नंबर पुकारला आणि फिटरकाका आत आले. इस्त्रीचा शर्ट, चकाकते बूट. मला बघून दचकलेच.

“तू इथे असतेस?”

“सत्तावीस वर्षं, काका. बसा.”

डॉक्टरांच्या फाइलमध्ये सहा महिन्यांपूर्वीचा एक आलेख होता. तो दुसऱ्या पाळीतल्या मुलीने काढलेला. उजवा कान तेव्हाच गेलेला होता. डावा बरा म्हणावा असा. मी सूर सोडायला सुरुवात केली. काका पटापट बटण दाबत होते. इतकं पटापट, की मला शंका आली. मी सूर न सोडताच नुसता खांदा हलवला. काकांनी बटण दाबलं.

मी आत गेले, हेडफोन काढले.

“काका, तुम्ही माझ्या खांद्याकडे बघताय.”

“मग कुठे बघू? समोर तूच आहेस.”

“भिंतीकडे तोंड करा.”

“पोरी, परीक्षेत थोडी मदत करतात की म्हाताऱ्याला.”

“भिंतीकडे.”

भिंतीकडे तोंड केल्यावर खरा आलेख निघाला. बारीक, तीक्ष्ण आवाज तर गेलेलेच होते. तरुणपणी इंजिनांशेजारी कापसाचे बोळे घालून काम केलेल्यांचे ते जातातच. पण आता खालचे, जाड आवाजही घसरले होते. सहा महिन्यांत इतकी घसरण मी फार वेळा पाहिलेली नाही. डॉक्टरांनी त्यांना पुन्हा आत बोलावलं, मला आलेख समजावायला थांबवलं, आणि मोठ्याने, सावकाश सांगितलं : कारण सापडत नाही, थांबवता येईल असं काही दिसत नाही. डावा कान वर्षभर टिकेल, कदाचित कमी.

बाहेर पडताना काकांनी माझ्या हाताला धरून कोपऱ्यात नेलं.

“त्या तिघांना एक अक्षर बोलायचं नाही.”

“मी बोलूच शकत नाही, काका. पेशंटचं बाहेर सांगितलं तर नोकरी जाईल माझी.”

“नवऱ्यालासुद्धा नाही.”

“त्यालासुद्धा नाही. पण तुम्ही का नाही सांगत? तुम्ही सांगितलंत तर ते जरा हातपाय हलवतील.”

“आत्ता माझ्या शब्दावर ती मंडळी नट फिरवतात,” काका म्हणाले. “बहिरा झालोय म्हटलं की खुर्ची आणून देतील. बसा काका, दमलात का काका, पाणी घ्या काका. मला खुर्ची नकोय. मला ते इंजिन ऐकायचंय. होईल म्हणतात दिवाणे, पुढच्या वर्षी. मी घाई केली तर का म्हणून विचारतील.”

दहा वर्षं मी हे ‘पुढच्या वर्षी’ ऐकत होते आणि त्यावर विनोद करत होते. त्या दिवशी घरी येताना मला त्यात विनोद काही सापडेना.

रात्री जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “इंजिन नक्की कधी सुरू करणार तुम्ही?”

“बघू. गाइड काल बसल्या, आता कार्ब्युरेटर एकदा उघडून बघायचाय. मग मॅग्नेटो. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात म्हण.”

“या वर्षी का नाही?”

नवऱ्याने घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत मी पहिल्यांदाच चौकशी करत होते. “तुला कधीपासून एवढं प्रेम आलं?” खरं कारण जिभेच्या टोकाशी येऊन बसलं होतं. मी वरून पाणी प्यायले.

त्या रविवारी मी स्वतःहून शेडमध्ये गेले. आत तेलाचा, जुन्या रबराचा आणि चौघांच्या डब्यांचा मिळून वास. विमानाच्या नाकावरची झाकणं काढलेली, नवरा शिडीवर, कप्तान खाली कंदिलासारखा दिवा धरून, आणि मास्तर स्टुलावर वही घेऊन. काका टेबलाशी पाने एका ओळीत लावत होते. मला पाहून त्यांनी फक्त भुवई हलवली.

“वहिनी! आज कसं काय?” कप्तान म्हणाला.

“माझ्या गाइड कुठे बसल्या ते बघायला आले. आठवडाभर मटाराबरोबर राहिल्यात, माया जडते.”

मास्तर चहा गाळायला उठले तशी वही मी उचलली. मास्तरांचं अक्षर सुंदर. तारीख, काम, कुणी केलं, काकांची मान हलली की नाही, सगळं नोंदलेलं. मी नुसती पानं उलटत होते. मग थांबले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. दोन वर्षांपूर्वीच्या एका पानावर लाल शाईत अधोरेखित ओळ होती : ‘सर्व जोडणी पूर्ण. तेल भरले. काका समाधानी.’ त्यानंतर कार्ब्युरेटर उघडला, साफ केला, बंद केला. चार महिन्यांनी पुन्हा उघडला, साफ केला, बंद केला. मी बोटांवर मोजलं.

“मास्तर, हा कार्ब्युरेटर सात वेळा उघडलात?”

मास्तरांच्या हातातली गाळणी थांबली. “म्हणजे… खात्री केलेली बरी ना.”

“आणि व्हॉल्व्ह गाइड? या गेल्या वर्षीच बदलल्यात. इथे लिहिलंय तुम्ही. मग माझ्या फ्रीजरमध्ये काय होतं?”

“त्या चांगल्याच होत्या,” शिडीवरून नवरा म्हणाला, “पण नव्या आणखी चांगल्या.”

“म्हणजे हे इंजिन दोन वर्षांपासून तयार आहे?”

कप्तानाने हातातला दिवा उगाच दुसऱ्या हातात घेतला.

“अहो, मी तुम्हाला विचारतेय. तयार आहे की नाही?”

“तयार म्हणजे…” नवरा शिडीच्या दोन पायऱ्या उतरला. “तसं म्हटलं तर आहे. पण एकदा सुरू केलं आणि आत काही तुटलं, एखादा कनेक्टिंग रॉड वाकला, तर दुसरा कुठून आणायचा? कुणी बनवतं का आता? मग अकरा वर्षं पाण्यात. नाही सुरू केलं तर निदान आहे तसं आहे.”

“आहे तसंच ठेवायचं होतं तर अकरा वर्षं धूळ पुसली असतीत! माझा ओव्हन कशाला लागतो धूळ पुसायला?”

“वहिनी, शांत व्हा, चहा घ्या,” मास्तर म्हणाले.

“मी शांतच आहे. चार मोठी माणसं तुम्ही, दोन वर्षं एक झाकण उघडताय आणि लावताय, आणि घरी येऊन सांगताय आज फार काम झालं!” माझा आवाज पत्र्यावर घुमत होता. घुमू दे म्हटलं. निदान सगळ्यांना ऐकू जाईल. “आजपासून पंधरा दिवसांनी, रविवारी. सकाळी दहाला. सुरू करायचं.”

“अगं, असं कसं? तुला यातलं काय कळतं?”

“अकरा वर्षं माझ्या स्वयंपाकघरात शिजतंय, थोडं कळायला लागलंय.”

नवऱ्याने काकांकडे पाहिलं, वाचवा म्हणून. काकांनी हातातला पाना नीट ओळीत ठेवला.

“बरोबर बोलतेय ती,” काका म्हणाले. आणि मान हलवली.

ते पंधरा दिवस घरात आमच्यात धड संवाद नव्हता. नवरा याद्या करत होता. काय काय बिघडू शकतं त्यांच्या याद्या, एकूण तेवीस कलमं. ‘घाई’ हे कलम त्याने सगळ्यात वर लिहिलं आणि यादी मला दिसेल अशी फ्रीजच्या दारावर लावली. मी तिच्यावर दूधवाल्याचा हिशेब चिकटवला. एकदा मात्र, चपला घालता घालता, तो म्हणाला, “लिफ्ट पडली ना, तर कुणी बनवली ते कुणी विचारत नाही. शेवटची सही कुणाची होती ते विचारतात.” मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी चीड आली, कारण दोन शब्दांत मी त्याची समजूत घालू शकले असते आणि तेच दोन शब्द मला वर्ज्य होते.

रविवारी सगळे नऊलाच हजर. स्वच्छ ऊन, वारा नाही. विमान ढकलत शेडबाहेर आणलं, चाकांना लाकडी ठोकळे लावले. मी हॉस्पिटलमधून पाच जणांसाठी कानावर घालायचे जाड हेडफोन आणले होते, आवाज अडवणारे. प्रत्येकाच्या हातात एकेक दिला आणि दम भरला. नवरा पुढच्या जागेवर चढून बसला. चेहरा असा, की स्वतःच्याच ऑपरेशनला निघालाय.

“आधी पंखा हाताने फिरवायचा,” काका म्हणाले. “असं इंजिन उभं राहिलं की तेल गळून खालच्या सिलिंडरांत साठतं. सगळी स्विचं बंद? पुन्हा बघ. कप्तान, मोज.”

कप्तान आणि मास्तर पंख्याचं पातं ओढू लागले. एक. दोन. तीन. चौथ्या वेळी पातं अर्ध्यावर येऊन अडलं.

“जोर लावू?” कप्तान म्हणाला.

“हात काढ!” काका असे ओरडले की दोघंही दोन पावलं मागे झाले. “जोर लावशील तर रॉड वाकेल. तेल दाबलं जात नाही, लोखंड वाकतं. खालचे प्लग काढा.”

सगळ्यात खालच्या दोन सिलिंडरांचे प्लग काढले. पाच नंबरमधून काळं तेल आधी थेंबथेंब, मग धार लागून, खाली ठेवलेल्या पातेल्यात पडायला लागलं. दोन कप तरी असेल. पातेलं माझं होतं. ते तिथे कसं आलं हे विचारायची ती वेळ नव्हती.

“बघितलंस!” नवरा वरून ओरडला, विजयी. “म्हणून म्हणत होतो. आज राहू दे. पुढच्या रविवारी सगळं नीट उघडून—”

“प्लग पुसा आणि लावा,” मी म्हणाले.

“अगं पण—”

“पुसा आणि लावा!”

मास्तरांनी घाईघाईने प्लग फडक्यात फिरवले, काकांनी ते घट्ट केले. पंखा पुन्हा फिरवला. या वेळी पातं नऊच्या नऊ वेळा सुरळीत खाली आलं. मग बाजूच्या भोकात हँडल घालून कप्तान आतलं जड चाक फिरवू लागला. आधी कण्हल्यासारखा आवाज, मग चढत चढत शिट्टीसारखा. “सोड!” काका ओरडले. नवऱ्याने दांडा ओढला. पंखा दोन गिरक्या फिरला, इंजिनाने खोकल्यासारखं केलं, आणि गप्प.

दुसऱ्या वेळी धुराड्यातून वीतभर ज्वाळ बाहेर आली. मास्तर आग विझवायचं नळकांडं घेऊन धावले आणि त्याची पिन ओढता ओढता ज्वाळ आपली आपण विझली. पिन मात्र निघाली नाही ती नाहीच. कप्तान धापा टाकत जमिनीवर बसला होता. “वहिनी, एक रविवार पुढे गेलं तर आभाळ कोसळेल का?”

मी काकांकडे पाहिलं. ते पंख्यापासून बरेच लांब, पण डावी बाजू विमानाकडे करून उभे होते. माझा हेडफोन त्यांनी गळ्यात लटकवला होता.

“हँडल मला द्या,” मी म्हणाले.

आता ती म्हातारी मंडळी लाजली म्हणा किंवा घाबरली म्हणा. कप्तान उठला, मास्तरांनीही हँडलला हात लावला, आणि दोघांनी मिळून ते चाक पहिल्यापेक्षा जोरात फिरवलं. शिट्टी चढली. “सोड!”

पंखा फिरला. एकदा धडाड, मग दोन, मग भसकन निळा-पांढरा धूर, इतका की विमान दिसेनासं झालं. धुरातून आधी अडखळत, मग सलग, तो आवाज आला. मी हेडफोन घातले होते तरी तो पायांतून वर चढत होता, दातांत शिरत होता. धूर विरला तेव्हा पंख्याच्या जागी एक गोल झगझगीत चकती होती आणि तिच्या मागे माझा नवरा तोंड उघडं टाकून बसलेला होता. कप्तानाने टोपी काढून हातात धरली होती. मास्तर वही उलटी धरून काहीतरी लिहीत होते.

मी काकांजवळ गेले आणि त्यांच्या गळ्यातल्या हेडफोनकडे बोट दाखवलं. घाला. सत्तावीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलेय. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

“आता कुणासाठी वाचवायचा?”

मी हात खाली घेतला.

काका डोळे मिटून उभे होते. चार मिनिटं झाली असतील. मला वाटलं, आता ते रडतील, किंवा हसतील. त्यांच्या कपाळावर आठी पडली. ती वाढत गेली. मग त्यांनी डोळे उघडले आणि गळ्यावरून हात फिरवला. बंद कर.

पंखा थांबला. एकदम सुन्न शांतता. नवरा पंखावरून जवळजवळ उडी मारूनच खाली आला. “काका! चाललं! काका, कसं वाटलं?”

“वाईट,” काका म्हणाले.

“अं?”

“एक सिलिंडर झोपलंय. आठच चालतायत. लंगडं वाजतंय, ऐकू नाही आलं तुम्हाला? कान आहेत की बटणं?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. मला तर नाहीच नाही, आणि कान हा माझा धंदा.

“पाणी आणा,” काका म्हणाले.

मास्तरांनी बाटली आणली. काका प्रत्येक सिलिंडरच्या धुराड्याच्या नळीवर चार चार थेंब शिंपडत गेले. एक नंबर, चर्र. दोन, चर्र. तीन, चार, चर्र. पाच नंबरवर पाणी नुसतं पडलं, ओघळलं आणि टपकलं.

“हे बघा. गार.”

पाच नंबरचे दोन्ही प्लग काढले. तेलाने माखलेले. मघाशी मी ओरडले म्हणून घाईत जेमतेम पुसून लावलेले. नवऱ्याने ते तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरले.

“माझी चूक,” मी म्हणाले.

“पूर्ण उघडावं लागेल आता,” तो लगेच म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय तो आनंद पसरला! “दोन महिने तरी—”

“प्लग बदल,” काका म्हणाले. “बास.”

त्या दोन प्लगांना तीन आठवडे लागले. ते कुठल्या मापाचे, किती घट्ट, वॉशर जुना की नवा, यावर रोज संध्याकाळी फोन चालायचे. मी मधे पडले नाही. चौथ्या रविवारी विमान पुन्हा बाहेर काढलं. या वेळी इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. आवाज मला होता तसाच वाटला, पण काकांची मान पहिल्याच मिनिटाला हलली, आणि मग हलतच राहिली, बारीक बारीक, आतल्या कुठल्या तरी ठेक्यावर. आठ मिनिटं चाललं. त्यांनी बंद करायची खूण केली नाही. शेवटी तेल तापलं म्हणून नवऱ्यानेच बंद केलं.

काका टेबलाशी आले, फडक्याला हात पुसले आणि म्हणाले, “आता सांगतो. उजवा गेलाय, डावा चाललाय. वर्षाच्या आत कारभार आटोपणार. हिला माहीत होतं. हिला बोलायची बंदी होती, म्हणून उगीच हिच्यावर चिडू नका.”

कप्तान तडक आत गेला आणि खुर्ची घेऊन आला.

काकांनी आधी खुर्चीकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मला हसू आवरेना. कप्तानाला कळेना आपलं काय चुकलं. शेवटी खुर्चीवर मीच बसले.

परतताना गाडी सिग्नलला थांबल्यावर नवरा म्हणाला, “मला सांगायला हवं होतंस.”

“सांगता येत नाही.”

“मी नवरा आहे तुझा.”

“म्हणूनच तर. तुम्ही त्याच दिवशी काकांच्या हातातला पाना काढून घेतला असतात.”

तो चिडला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला तरी आमची गाडी हलेना. मग त्याने गिअर टाकला आणि एकदम म्हणाला, “दोन वर्षं. दोन वर्षांपूर्वी त्यांना सगळं स्वच्छ ऐकू येत असेल ना?”

मला खोटं बोलता आलं असतं. “बरंचसं,” मी म्हणाले.

घर येईपर्यंत तो स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला होता. त्या आठवड्यात त्याने एकही झाकण उघडलं नाही. त्याऐवजी दर रविवारी, हवा बरी असेल तर, ते इंजिन सुरू करायला लागले. दहा मिनिटं, कधी पंधरा. विमानतळाच्या ऑफिसातून तक्रारी आल्या. मास्तरांनी त्या तारीखवार वहीत नोंदवल्या.

काकांचा डावा कान आठ महिने टिकला. शेवटचा आलेख मीच काढला. त्यांनी आपणहून भिंतीकडे तोंड केलं. अजूनही ते शेडमध्ये येतात. इंजिन चालू असताना तळहात पंखाच्या पत्र्यावर सपाट ठेवतात आणि कुठलं सिलिंडर कुरकुरतंय ते सांगतात. तीनदा बरोबर निघालं, दोनदा साफ चूक. चूक निघाली तरी मान्य करत नाहीत. आणि बोलणं ऐकू येत नाही म्हणून भांडायचं कुणी थांबलेलं नाही. आता भांडणं कागदावर होतात. मास्तर वहीची पानं फाडून देतात, हे लोक त्यावर लिहितात, काका त्याखाली उत्तर लिहितात आणि चिठ्ठी परत समोरच्याच्या खिशात कोंबतात.

त्यातल्या बऱ्याचशा माझ्या नवऱ्याच्या खिशात येतात. खिसे रिकामे करून कपडे टाका, असं मी किमान शंभर वेळा सांगितलंय. कालच मशीन उघडलं, तर सगळ्या काळ्या पँटी कागदाच्या पांढऱ्या किसाने माखलेल्या. एक तुकडा तेवढा शाबूत होता. वर नवऱ्याचं अक्षर, धुऊन निघालेलं, वाचता येत नव्हतं. खाली काकांचं, पेन्सिलीने, दाबून लिहिलेलं : ‘गाढवा, उलटं बसवलंयस.’

मी तो तुकडा त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

“अरे हो,” तो म्हणाला, “ते खरंच उलटं होतं,” आणि पोळी मागितली.